वासराला अंड्याचा बलक

आमच्या घरात अंडं कधी आलं नाही. बायकोच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मला खायचं झालं तर पैठण रोडच्या नाक्यावर गाड्यावर खायचं, चूळ भरायची आणि मग घरी यायचं. तरी तिला वास कळायचाच. बोलायची नाही, पाण्याचा तांब्या तेवढा ओट्यावर आपटायची.

माघात ती गेली. पाचोडच्या बाजारातून तिनं पारखून आणलेली गाय तेव्हा गाभण होती. गायीचं पहिलं वासरू हगवणीनं मेलं होतं, त्या दिवशी बायको जेवली नव्हती. म्हणून हे दुसरं जगायला पाहिजे होतं. मला बाकी काही नको होतं.

गाय व्यायली. पहिल्या दुधाचा चीक पोटभर पाजला, तरी वासराला हगवण लागलीच. जनावरांची डॉक्टरीण आली, नातीच्या वयाची पोरगी. आधी मीठ-साखरेचं पाणी पाजलं, मग बर्फाच्या डब्यातून बाटली काढली. आत पिवळं काहीतरी.

"काय हाय हे?"

"अंड्याचा बलक, बाबा. या रोगाचा मेलेला विषाणू कोंबडीला टोचतात. मग तिच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद तयार होते. पिलाच्या कामी यावी म्हणून ती बलकात उतरते."

"कोंबडीला कुठं हा रोग व्हतो?"

"होत नाही. पण परकं काही अंगात शिरलं की तिच्या अंगाला कळतं."

"आन् वासराचं पोट कोंबडीचं ऐकंल?"

ती हसली. "गायीचा चीक काय करतो? तेच हे करतं. आतड्यात विषाणूला चिकटतं, त्याला आत घुसू देत नाही."

"म्हंजी कोंबडीचा चीक."

"तसंच म्हणा. पण अजून प्रयोग चाललाय, गुण येईलच असं नाही. तुम्ही हो म्हणाल तरच पाजते."

"आन् त्या कोंबडीच्या पिलांचं काय?"

"त्या अंड्यांतून पिलं काढतच नाहीत, बाबा."

हे काही डोक्यातून जाईना. पिलू निघणारच नाही, आणि कोंबडी आपली ताकद भरतेच आहे बलकात.

मी हो म्हणलो. पण रोज थोडा बलक पाजायचा, म्हणून बाटली ठेवायची फ्रीजमध्ये, आणि दारात सून आडवी.

"मामा, आत्याबाईंच्या फ्रीजमधी अंडं? वरून बघत असतील त्या."

"बघू दे. पहिलं वासरू मेलं ते बी बघितलंच तिनं."

"आन् गायीच्या लेकराला अंडं पाजलं म्हणून गाव काय म्हणंल?"

"गावाला हगवण लागली नाय."

सून बाजूला झाली. तिनंच फ्रीजमधला लोणच्याचा डबा सरकवून जागा केली.

काही दिवसांत वासरू उठलं. ढुशा मारून पिऊ लागलं. डॉक्टरणीला विचारलं, गुण बलकाचा का मीठ-साखरेच्या पाण्याचा? म्हणाली, "एका वासरावरून सांगता येत नाही." खरं बोलली, म्हणून आवडली.

परवा नाक्यावर उकडलेलं अंडं घेतलं. फोडलं आणि बलकाकडं बघत बसलो. गाडेवाला म्हणाला, "क्या चचा, खराब निकला क्या?" नाही म्हणलं, खाल्लं, चूळ भरली, घरी आलो. आता वास ओळखायला कोणी नाही. वासरानं तेवढा हात हुंगला.