चाळिसाव्याचा रांजण

माझ्या सासूबाई, येशारेग, माणूस पारखायला अनेकदा चुकल्या, पण रांजण पारखायला कधी चुकल्या नाहीत. हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि सांगताना नेमक्या माझ्याकडे बघायच्या.

आमच्या डोंगरावर घरोघरी बायका टेल्ला लावतात, सातूची घरगुती बिअर. सातू तोच, गेशोचा कडू पाला तोच, झऱ्याचं पाणीही तेच, तरी एकीची टेल्ला दुसरीसारखी होत नाही. सासूबाई म्हणायच्या, बाईच्या हाताला उगाच नाव मिळतं, सगळं काम रांजण करतो. बाजाराच्या दिवशी त्या मडक्यांच्या रांगेत उकिडव्या बसत. आधी बोटाच्या पेराने टकटक करायच्या. आवाज बद्द आला की हात झटकून पुढे. खणखणीत आला तर रांजणात डोकं घालून हुंगायच्या, आणि शेवटी भर बाजारात त्याला चक्क जीभ लावायच्या. जीभ चिकटली तर माती तहानलेली, असा रांजण निम्मी टेल्ला स्वतःच पिऊन टाकतो. मी नवी सून होते तेव्हा हे बघून लाजेने अर्धी झाले होते.

"एमामा, लोक बघतायत," मी म्हटलं.

"बघू देत. नवरा करताना मला कोणी पारखू दिलं नाही, रांजण तरी पारखून घेते."

सासरे, तामिरात, शेजारी खेचराचा दोर धरून उभे होते. ते इतके हसले की खेचर बुजलं.

झाकण लावणं ही त्यांची दुसरी विद्या. रांजणाच्या तोंडावर मातीची थाळी, तिच्यावर जुनं सुती फडकं, आणि त्यावर शेण नि भुसा घालून मळलेला चिखल. मी लिंपायला बसले की मागून सूचना चालूच असायच्या. "अगं, कबर लिंपतेयस का? आत जिवंत आहे ते. घट्ट कर, पण त्याला दम खाता आला पाहिजे." मग रोज सकाळी त्या रांजणाच्या पोटाला कान लावून बसत. आत बुडबुड जोरात आहे की मंदावली, यावरून किती दिवसांनी उघडायचा ते सांगत. मला पोटात काही ऐकू यायचं नाही. मी उगाच मान डोलवायचे आणि त्यांना ते कळायचं.

तर हे असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सासरे तापाने तीन दिवसांत गेले.

चाळिसाव्या दिवशी तेझकारचं जेवण करायचं असतं. गाव येतं, जेवतं, टेल्ला पितं, आणि उठताना प्रत्येक जण मोठ्याने म्हणतो, "देव त्याच्या आत्म्याला क्षमा करो." जितकी तोंडं, तितकी क्षमा. सासूबाई फार रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच धरलं होतं की या माणसाला नीट पोचवायचं. "शंभर तोंडांनी म्हटलं पाहिजे, फेतले," त्या मला म्हणायच्या. माझं नाव फेतलेवर्क, पण ते पूर्ण घ्यायला त्यांना कधी सवड झाली नाही. "आणि तोंड उघडतं ते टेल्लाने. कोरड्या घशाने कोण कोणासाठी क्षमा मागतो?"

आता माझा पराक्रम. पंधराव्या दिवशी सासूबाई दुपारच्या पडल्या होत्या. म्हटलं, बिचाऱ्या दमल्यात, आपण रांजण घासून ठेवू. रांजण घासायचा असतो गिरावाच्या खरखरीत पाल्याने, आणि मग पालथा घालून त्याला रानजैतुनाच्या लाकडाची धुरी द्यायची असते. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण नवऱ्याने शहरातून साबणाची पावडर आणली होती, पाकिटावर चमचमत्या ताटांचं चित्र होतं, आणि मला वाटलं, आज सासूबाईंना दाखवूच कसा लख्ख होतो ते. अख्खं पाकीट ओतलं. तीस वर्षांचा काळा थर निघाला. रांजण आतून नवऱ्या मुलीसारखा उजळला आणि मी स्वतःवर खूश झाले.

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी अंधारात, घरचाच रांजण म्हणून न हुंगता, त्यात गेशोचा पाला भिजत घातला. तीन दिवसांनी झाकण काढलं तर वर पांढराशुभ्र फेस आणि घरभर लिंबाचा वास.

त्या खाली बसल्या. "काय लावलंस याला?"

"साबण."

"किती?"

"सगळा."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माती जे पिते ते परत देत नाही, हे लहान पोरीलाही ठाऊक असतं. सासूबाईंनी रांजणाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि दफनाच्या दिवशी रडल्या नव्हत्या तेवढ्या रडल्या. "स्वतःच्या पाठीवरून आणला होता गं त्यांनी," त्या म्हणाल्या. "खेचर पाय घसरून पडेल म्हणाले. मी पडलो तर उठेन, हा पडला तर येशारेग मला उठू देणार नाही." मी कोपऱ्यात उभी होते. भुई दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं मला खरोखर वाटलं.

बावीस दिवस उरले होते. लग्नाचा महिना, त्यामुळे गावातला प्रत्येक रांजण भरलेला, चिखलाने लिंपलेला. माझा नवरा बेलायनेह शहरातून निळा प्लास्टिकचा पिंप घेऊन आला. "आई, बघ, थेंब गळत नाही. झाकण फिरवलं की एकदम घट्ट."

"तेच तर. टेल्ला आतून फुगली की हे झाकण उडून चर्चच्या अब्बा किदाने यांच्या डोक्यात बसेल. आणि याला रॉकेलचा वास येतो. तुझ्या बापाला मी रॉकेलमधून निरोप देऊ?"

मग दोघी ओढ्याकाठी मडकेवाल्यांच्या वस्तीवर गेलो, शाशितूकडे. शाशितूनेच आमचा रांजण घडवला होता, घरातलं प्रत्येक मडकं तिच्या हातचं. पण आम्ही त्यांची मडकी घेतो, त्यांच्या घरचं पाणी घेत नाही. त्यांची नजर लागते म्हणतात. नवं मडकं घरी आलं की आधी त्याची नजर काढायला मिरच्यांची धुरी द्यायची. शाशितूला ते माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे आम्हालाही माहीत होतं. तीस वर्षं दोघी एकमेकींची चौकशी करत आल्या होत्या, हसूनखेळून, कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहून.

सगळं ऐकून शाशितूने माझ्याकडे बघितलं. "अख्खं पाकीट?"

"सोड तिला," सासूबाई म्हणाल्या. "रांजण दाखव."

त्यांनी सात वाजवले. चार बद्द निघाले. दोहोंना जीभ चिकटली. सातवा बरा होता, पण नवा. "बावीस दिवसांत नवा तयार होत नाही, बाई," शाशितू म्हणाली. "वर्षभर तो स्वतःच पितो. पाहुण्यांना आंबट पाणी पाजाल."

सासूबाईंची नजर झोपडीच्या दारामागे गेली. तिथे एक काळाकुट्ट रांजण पालथा होता. त्या न विचारता आत शिरल्या. मी "एमामा!" म्हणेपर्यंत त्यांचं डोकं रांजणात होतं. बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत.

"हा दे," त्या म्हणाल्या.

"तो माझ्या घरचा आहे."

"कळलं मला. किती वर्षांचा?"

"लग्नात आईने दिलेला. बाई, भलतं काही करू नका. हा आमच्या तोंडचा. गावात कळलं तर तुमच्या अंगणात कुत्रंही फिरकायचं नाही."

"मी गावाचं विचारलं का? रांजण चांगला आहे का ते सांग."

शाशितूची मान वर आली. "चांगला? असला तुमच्याकडे कधी नव्हता. माझ्यासाठी केलेला आणि तुम्हाला विकलेला, यात फरक असणारच की."

"मेली! तीस वर्षं मला दोन नंबरचा दिलास." पण सासूबाई हसत होत्या. "चल, उचलायला हात लाव."

घरी आल्यावर मी हळूच विचारलं, "धुरी?"

"जैतुनाची दे, टेल्लाला लागते तेवढी. मिरच्यांची दिलीस तर तुलाच यात कोंबून वरून लिंपीन."

लिंपायच्या दिवशी गाव वरच्या वाडीत लग्नाला गेलं होतं. शाशितू रांजणाची खबर घ्यायला म्हणून कुंपणापाशी आली आणि तिथूनच ओरडली, "भुसा कमी पडलाय, बाई. असा चिखल दोन दिवसांत तडकेल."

"मग तिथून काय सांगतेस? ये आणि मळ."

ती जरा थांबली, मग फाटक ढकलून आत आली. दोघी रांजणाला समोरासमोर बसल्या. एकीचे हात वाटोळे फिरत, दुसरीचे दाबत जात. मध्ये कुठेतरी चार हात एकाच चिखलात मिसळले आणि कोणाचा कोणता ते मला कळेना. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "त्यांना तुझी मडकी आवडायची." शाशितू म्हणाली, "ते एकटेच मला नावाने हाक मारायचे." मला त्या वेळी दोघींच्या पाया पडावंसं वाटलं. मी पाणी आणायला निघून गेले.

चाळिसाव्या दिवशी सकाळी चिखल फोडला. रिवाजाप्रमाणे मी पहिला घोट स्वतःच्या तळहातावर ओतून सगळ्यांदेखत प्याले. कडसर, धुराची, स्वच्छ टेल्ला. जीव भांड्यात पडला. अंगण भरलं. इंजेरा भाकरी वाढली, मटण वाढलं, पेले फिरले. आमच्या गावात देगफू नावाचे एक म्हातारे आहेत, ज्यांना स्वतःच्या लग्नाचं जेवणही आवडलं नव्हतं. तेसुद्धा म्हणाले, "टेल्ला खावी येशारेगच्या रांजणाची. तीस वर्षांची कमाई आहे ती."

"खावी नाही, प्यावी, गाशे," कोणीतरी म्हणालं.

"मी तिसरा पेला पितोय, मला शिकवू नकोस."

शाशितू फाटकाबाहेर बसली होती, घरून आणलेला भोपळ्याचा पेला घेऊन. मी तिला वरून, न शिवता ओतलं. हात लांब करताना मला माझीच लाज वाटली, तरी मी तसंच ओतलं. सासूबाईंनी ते पाहिलं.

जेवणं उरकत आली. आता लोक उठणार आणि क्षमा मागणार, तेवढ्यात सासूबाईच उभ्या राहिल्या.

"उठायच्या आधी एक ऐका. हा रांजण माझा नाही. माझा माझ्या सुनेने साबण लावून मारला."

अंगण खो खो हसलं. मी शाल डोळ्यांवर ओढली.

"हा शाशितूचा आहे. तिच्या घरचा, तिच्या तोंडचा."

हसू जिथल्या तिथे थांबलं.

"तुम्हाला न सांगता क्षमा म्हणवून घेतली असती तर ती चोरीची झाली असती. माझ्या माणसाला चोरीची नको. ज्याला म्हणायचं त्याने म्हणा, ज्याला जायचं त्याने जा."

दोन घरची माणसं उठली. पेले जमिनीवर उपडे केले आणि निघून गेली. बाकीची हातातल्या पेल्याकडे बघत बसली. देगफू म्हणाले, "पहिल्या पेल्याला सांगायचं ना, बाई," पण कोणी हसलं नाही. अब्बा किदाने हातातला क्रूस चाचपत राहिले. कोणाच्याही तोंडून ते वाक्य येईना. सासूबाई घाबरलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. एवढ्या दिवसांचा जीव ओतलेला तो दिवस आपल्याच हाताने घालवला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्यांनी आपला पेला उचलला, फाटकापर्यंत गेल्या, अर्धा प्याल्या आणि उरलेला शाशितूपुढे धरला.

"नको, बाई. तुमचा दिवस नासेल."

"नासलाय. धर."

शाशितूने हात दोनदा झग्याला पुसले आणि पेला दोन्ही हातांनी घेतला. सगळं गाव बघत असताना ती सावकाश प्याली, जीभ टाळ्याला लावून चव घेत. "एक दिवस आधी उघडलात," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. पण चाळीस म्हणजे चाळीस."

मग शाशितू उभी राहिली. त्या अंगणात तिचं बोलणं आजवर कोणी मागितलं नव्हतं. घोगऱ्या आवाजात, पार मागच्या भिंतीपर्यंत जाईल असं ती म्हणाली, "देव तामिरातच्या आत्म्याला क्षमा करो."

सासऱ्यांचं नाव घेऊन.

मग देगफूंनी तिसरा पेला संपवला, मिशा पुसल्या आणि कुरकुरत, पण मोठ्याने म्हणाले, "क्षमा करो." अब्बा किदाने उठले. त्यांच्यामागे त्यांची बायको, मग वरच्या वाडीचे, मग भिंतीशी बसलेले. मी मोजत होते. शंभर झाली नाहीत, हे मला माहीत आहे. साठाच्या पुढे मला रडू फुटलं आणि मोजणी चुकली.

सासूबाई मोजतच नव्हत्या. त्या अजून फाटकात होत्या, शाशितूचा हात धरून, आणि तिला आत ओढत होत्या.