माझ्याच वावरातली फुलं

भोकरदनच्या कॉलेजात त्या दिवशी प्रॅक्टिकलला कपाशीचं आणि मिरचीचं फूल उघडून दोन कुळांतला फरक दाखवायचा होता. सगळ्यांसाठी फुलं मीच आणली, आमच्या वावरातून. वाटता वाटता माझ्याकडं दोनच उरली.

शेजारी बसायची ती शिक्षकाची पोरगी. कपाशीला तिनं जन्मात हात लावलेला न्हाई, पण काय तिची ती बशी! कपाशीचे पुंकेसर एकाच नळीत जुळलेले, मिरचीचे पाच सुटे, बाजूला अंडाशय. सगळं दुकानातल्या बांगड्यांसारखं ओळीनं मांडलेलं. तिची गोरी बोटंसुद्धा माझ्या डोळ्यांत सलत होती.

माझ्या बशीत पाकळ्या होत्या, अंडाशय होतं, पुंकेसर मात्र कुठंच नव्हते. आमच्याकडं बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगसाठी, म्हंजे दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे म्हणून, आदल्या संध्याकाळी कळ्यांतले पुंकेसर काढून फेकतात. लहानपणापासून मी तेच करत आलेली. फूल हातात आलं की नख आपोआप चालतं. इथंही चाललं, आणि पुंकेसर गेले बाकाखाली.

"जे दाखवायचं तेच फेकून दिलं का?" मॅडम म्हणाल्या. मंग तिची बशी उचलून त्यांनी सगळ्या वर्गाला दाखवली. तिच्याजवळ जादा फुलं होती.

"हिला दे गं दोन," मॅडम म्हणाल्या.

"घे ना, मला नाही लागत," ती हसून म्हणाली.

माझ्याच वावरातली फुलं मी तिच्या हातून घेतली, आणि वर तिला थँक्यू म्हणाले.