कवळीवाल्याची शाबासकी

आठवडाभर गप्प बसायचं आणि रविवारी दुपारी सगळी शिल्लक एकदम बाहेर काढायची, अशी आमच्या कवळीवाल्याची वाटणी होती. त्याचा धंदाच मुका. जिन्याखालच्या खोलीत एक टेबल, त्यावर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे, वर मान वाकवलेला दिवा, आणि दिव्याखाली हा, डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी दाढा घासत बसलेला. समोर इतके जबडे उघडे असून एकही बोलत नाही, याची त्याला एवढी सवय झाली होती की गिऱ्हाईक बोललं की तो दचकायचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे, हा कवळ्या करून द्यायचा. ओळखीच्यांचं माप मात्र स्वतः घ्यायचा. या ओळखीत आमची अर्धी गल्ली मोडते, कारण दात पडण्याच्या बाबतीत आमच्या गल्लीत कुणी मागे राहिलेलं नाही.

रविवारी हा माणूस फुटबॉल क्लबाच्या मैदानावर गोलमागच्या कुंपणाच्या जाळीला चिकटून उभा राहायचा आणि तोंड सोडायचा. समोरच्या संघावर नव्हे. समोरच्यांशी तो परक्या माणसाशी वागावं तसा अदबीने वागायचा. शिव्या सगळ्या आपल्यांना, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या गोलकीपरला.

तेव्हाच्या गोलकीपरला आम्ही चाळणी म्हणायचो. का म्हणायचो ते मैदानावर पहिल्या पाच मिनिटांत कळायचं. आठवडाभर तो गॅसचे सिलिंडर पोचवायचा. ते कधी त्याच्या हातून सुटल्याचं ऐकलं नाही, फक्त चेंडू सुटायचा.

"अरे, हात आहेत की कपडे वाळत घालायच्या दांड्या?" कवळीवाला जाळीतून ओरडायचा. "दार सताड उघडं टाकून कुठे निघालास?"

चाळणी खेळ चालू असतानाच मागे वळून म्हणायचा, "तू ये इथे उभा राहायला. मी बसतो दात घासत."

हे सुद्धा तो बोबडं म्हणायचा, कारण त्याचे पुढचे दात त्या वेळी कवळीवाल्याच्या खिशात असायचे. एका सामन्यात बुटाची लाथ बसून ते दात गेले, कवळीवाल्याने नवे करून दिले, आणि तेव्हापासून रिवाजच पडला. सामना सुरू व्हायच्या आधी चाळणी जाळीपाशी यायचा, दात काढून रुमालाला पुसायचा आणि जाळीतून पलीकडे सरकवायचा. कवळीवाला ते एका डबीत ठेवून डबी शर्टाच्या खिशात ठेवायचा. सामना संपला की चाळणी परत यायचा, दात बसवायचा आणि मघाशी नीट उच्चारता न आलेल्या शिव्या पुन्हा पहिल्यापासून द्यायचा. मग दोघं एका सायकलवरून घरी जायचे.

कौतुक करणं आमच्यात बसत नव्हतं. चांगलं वाचवलंस, असं कवळीवाल्याने चाळणीला एकदाही म्हटलं नाही. ज्याला शिवी देता येते तो आपला, आणि ज्याला शाबास म्हणावं लागतं तो पाहुणा, असा त्याचा साधा हिशेब होता. आम्ही हरायचो. नेहमी नाही, पण सवयीने. आणि हरल्यावर त्या जाळीपाशी जी चारदोन डोकी उरायची त्यांना एकमेकांची तोंडं पाठ होती. कवळीवाल्याला तर आतूनही पाठ होती.

पुढे चाळणीचे गुडघे गेले, तो खेळायचा थांबला आणि मुलाकडे दुसऱ्या गावी गेला. जाताना दातांचा एक जुना जोड कवळीवाल्याकडेच ठेवून गेला. "असू दे," म्हणाला, "तुझा खिसा रिकामा वाटेल." कवळीवाला तो दर रविवारी खिशात घालून मैदानावर न्यायचा.

मग काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एका मोठ्या कंपनीने क्लब घेतला. पत्र्याचं छप्पर गेलं, रंगीत खुर्च्या आल्या, जाळीच्या जागी कठडा आला. नवे खेळाडू आले आणि ते चक्क जिंकायला लागले. पहिले काही रविवार आम्ही जुने लोक खेळ संपल्यावरही बसून राहायचो. काहीतरी चूक झाली असेल आणि निकाल परत घेतील, या अपेक्षेने.

निकाल परत घेतला नाही, पण माणसं आली. हजारोंनी आली. गळ्यात नवे मफलर, त्यांच्यावर दुकानातली घडी तशीच उमटलेली. कोण कुठल्या जागी खेळतो हे एकमेकांना फोनवर बघून सांगायची. आम्ही त्यांना 'पाहुणे' म्हणायचो. पाहुणे जेवून जातात, अशी आमची समजूत होती. हे राहायलाच आले होते. खरं सांगायचं तर ती माणसं वाईट नव्हती, आणि आमचा राग त्यामुळेच वाढायचा. ती आनंदात होती. आमच्या मैदानावर, आधी एकदाही न रडता, आनंदात होती.

या पाहुण्यांत कवळीवाल्याचे व्याही निघाले.

व्याही म्हणजे मुलीचे सासरे. निवृत्त साहेब, बोलायला मोकळे, खायला मोकळे, आणि वरची कवळी आपल्या व्याह्याने केलेली असल्यामुळे हसायलाही मोकळे. इतकी वर्षं त्यांचं भेटल्यावरचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं. "काय व्याही, या रविवारी किती गोल खाल्ले?" मुलीच्या सासऱ्यांचा विनोद, त्यामुळे कवळीवाला तो दरवेळी हसून घ्यायचा. क्लब जिंकायला लागल्यावर व्याह्यांनी बाजूच्या स्टँडमध्ये, गादीच्या खुर्चीचा, वर्षाचा पास काढला. आता ते 'आपला क्लब' म्हणायला लागले. एकदा तर त्यांनी मिठाची आणि मिरपुडीची बाटली टेबलावर मांडून कवळीवाल्याला ऑफसाइडचा नियम समजावून सांगितला. कवळीवाल्याने तो लक्ष देऊन ऐकला आणि विचारलं, "आणि ही चटणीची वाटी कोण?"

नवा गोलकीपर उंच, देखणा आणि कुठून तरी लांबून आणलेला होता. कवळीवाला त्यालाही जुन्या हक्काने शिव्या द्यायचा. तो कधी वळून बघायचा नाही. "याला ऐकू येत नाही का रे?" कवळीवाला मला विचारायचा. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो, म्हणजे तेव्हा बसत असे. मी म्हणायचो, "लाजत असेल. नवा आहे."

मग एके दिवशी क्लबाच्या ऑफिसातून कवळीवाल्याला फोन आला. अपशब्द वापरता म्हणून तक्रार आली आहे. पुन्हा आली तर पास रद्द, कायमचा.

"कुणाला अपशब्द?" याने विचारलं.

"आपल्याच गोलकीपरला."

"मग काय दुसऱ्यांच्या गोलकीपरला देऊ? त्याची माझी ओळख नाही."

फोनवरच्या मुलीने हे वाक्य बहुतेक लिहून घेतलं.

तक्रार कुणी केली ते पुढच्याच आठवड्यात कळलं. मुलीच्या घरी जेवायला बोलावलं होतं, मीही होतो. ती मला काका म्हणते. व्याही रंगात आले होते.

"आता वातावरण कसं सुधारलंय बघा," ते म्हणाले. "मी स्वतः एकाची तक्रार केली. गोलमागे असतो, कठड्याला टेकून. आपल्याच पोराला काय वाटेल ते बोलतो. बायकामुलं येतात हो हल्ली. मी माणूस पाठवून त्याच्या खुर्चीचा नंबर काढला. चेहरा काही दिसला नाही एवढ्या लांबून. तपकिरी टोपी तेवढी दिसली."

तपकिरी टोपी व्याह्यांच्याच दारामागच्या खुंटीवर लटकत होती. मुलगी वाढता वाढता थांबली. तिने एकदा खुंटीकडे बघितलं, एकदा बापाकडे.

"तुम्ही बसता कुठे हो?" व्याह्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "तुम्हालाही त्रास होत असेल त्याचा."

"मी जवळच असतो," कवळीवाला म्हणाला. "बरं केलंत."

निघताना मुलीने टोपी वर्तमानपत्रात गुंडाळून बापाच्या हातात दिली. "बाबा, तो माणूस तुम्ही होतात असं कळलं तर ते ओशाळतील, मग चिडतील, मग मलाच... जाऊ दे ना," एवढंच म्हणाली. हा म्हणाला, "मी काही बोललो का?" ज्या कवळीतून ती तक्रार गेली ती त्यानेच घासून गुळगुळीत केली होती, हे मात्र मला जिन्यावर म्हणाला.

त्याला ती जागा सोडायची नव्हती. घर बदललं, बायको गेली, चाळणी गेला, जाळी गेली. गोलमागची तेवढी एक जागा जिथल्या तिथे होती. म्हणून त्याने तोंड बंद ठेवायचं ठरवलं आणि त्यासाठी धंद्यातलीच युक्ती काढली. कवळीचा चावा जुळवायला मेणाची पट्टी दातांत धरायला देतात, तसली एक पट्टी तो सामना सुरू होताना स्वतःच्या दातांत धरायचा. गोल हुकला की पट्टीत दात रुतायचे. घरी जाताना तो ती मला दाखवायचा. चांगल्या सामन्यात नुसते ठसे असायचे. वाईट सामन्यात पट्टीचे दोन तुकडे.

मोसमाच्या शेवटच्या रविवारी करंडकाचा सामना आमच्याच मैदानावर होता. जिंकलो असतो तर क्लबाच्या जन्मातला पहिला करंडक. एकही खुर्ची रिकामी नव्हती. आणि त्या दिवशी आपल्या देखण्या गोलकीपरच्या हातून चेंडू सुटला. साधा, सरपटत आलेला. थोड्या वेळाने आणखी एक, पायांमधून.

मग पाहुणे उठले. हजारो माणसांनी एका आवाजात त्याला बाहेर काढा म्हणून ओरडायला सुरुवात केली. शिट्ट्या, रिकामे पेले, त्याच्या आईवरून, त्याच्या पगारावरून. ज्यांच्या मफलरवर त्याचं नाव होतं ते मफलर काढून फेकत होते. अपशब्दांची तक्रार करायचा फोन नंबर समोरच्या फळ्यावर मोठ्या आकड्यांत तसाच होता. हजारोंची तक्रार कुणी करत नाही. बाजूच्या स्टँडमधल्या गादीच्या खुर्च्या तर खेळ संपायच्या आधीच रिकाम्या होत चालल्या. गाडी काढायला गर्दी होते ना.

पोरगा गोलमध्ये एकटा उभा होता. हात लोंबते ठेवून. अगदी चाळणीसारखा.

कवळीवाला उठला. तोंडातली पट्टी काढून त्याने खिशात, डबीशेजारी ठेवली. कठड्यापाशी गेला, आणि आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. फार मोठ्याने नाही, पण जवळून, स्वच्छ आवाजात म्हणाला, "चांगला खेळलास रे बाळा. शाबास."

गोलकीपर वळला. या मोसमात पहिल्यांदाच. अर्धा तास तो नुसता आवाज ऐकत होता. आवाजाला तोंड नसतं. या शब्दांना तोंड होतं, टोपी होती, आणि दोन गोल सोडल्यावर कुणी शाबास म्हणालं तर त्याचा अर्थ काय घ्यायचा हे कोणालाही शिकवावं लागत नाही. त्याने बोट दाखवलं. पिवळ्या जॅकेटातला रखवालदार धावत आला.

"अहो, तो शाबासकी देत होता," मी म्हणालो.

"काका, असा खेळल्यावर शाबासकी कोण देतं?"

मागून कुणीतरी घसा खरवडून ओरडत होता, तो तेवढ्यापुरता थांबला आणि म्हणाला, "हा तोच. नेहमीच बोलतो." आणि पुन्हा ओरडायला लागला.

दाराशी पास काढून घेतला. खिसे तपासले तेव्हा डबी निघाली. रखवालदाराने उघडली, आत दात बघून पटकन मिटली आणि परत दिली. तेवढी ठेवा म्हणाला.

पुढच्या मोसमात क्लब हरायला लागला. निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. मी गेलो होतो एकदोनदा. शेजारची खुर्ची रिकामी बघवत नाही, म्हणून आता मीही जात नाही. रविवारी दुपारी त्या जिन्याखालच्या खोलीत बसतो.

परवा तिथे व्याही आले, खालच्या कवळीच्या मापाला. आता त्यांचं टेनिस सुरू झालं आहे, बघण्याचं.

"माझा पास पडून आहे," खुर्चीत मान मागे टाकत ते म्हणाले. "गुडघ्यांमुळे मला काही जिने होत नाहीत. तुम्ही जा ना माझ्या जागेवर. गादी आहे."

"नको," कवळीवाला मेण गरम करत म्हणाला.

"अहो, तुम्ही तर किती जात होतात."

"आता जमत नाही."

व्याही माझ्याकडे वळले. जरा आवाज खाली आणून, पण त्याला ऐकू जाईल असं, म्हणाले, "बघा. क्लब वर होता तेव्हा यांचा एक रविवार चुकत नव्हता. राग मानू नका, पण पडत्या काळात जो उभा राहतो तोच खरा. हे असे लोक असले की क्लबाचं काय होणार?"

मी तोंड उघडलं. कवळीवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. दिव्याची मान त्याने खाली वाकवली. मेणाची पट्टी बोटाने दाबून बघितली, फार गरम नाही ना. मग व्याह्यांच्या हनुवटीला हळूच हात लावला.

"आ करा," तो म्हणाला. "हं. आता हे दातांत धरा. आणि मी सांगेपर्यंत बोलू नका."