रूल म्हणजे काय ते माझ्यावर दाखवलं

"मावशी, उठा."

मी खाली बसून मेथी निवडत होते. उठले.

"आता बसा."

बसले.

"परत उठा."

गुडघा धरत उठले. फ्रिजचा आधार घ्यावा लागला. मॅडम माझ्याकडे बघतच नव्हत्या. टेबलापाशी बसलेल्या लेकीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "कळलं आता? ह्याला म्हणायचं रूल करणं. राजाच लागतो असं नाही."

पोरगी नऊ वर्षांची. दुसऱ्या दिवशी इंग्रजीची परीक्षा. शब्दाचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायचा होता. मॅडमनी आधी राणीचं उदाहरण दिलं, मग इंग्रजांचं दिलं. पोरीच्या डोक्यात शिरेना. मग मी सापडले.

पोरगी हसली. "मम्मा, मी करू? मावशी, बैठो."

मी उभीच. मॅडम म्हणाल्या, "बसा हो. खेळतीय ती."

बसले.

राग नंतर आला. आधी हेवा वाटला. खोटं कशाला लिहू? मला चौथीतून काढली, धाकट्या भावाला सांभाळायला. ह्या पोरीला टेबल, खुर्ची, दिवा, आणि शब्द समजावा म्हणून एक आख्खी म्हातारी. माझ्या उभ्या जन्मात माझ्या शब्दावर कुणी उठलं नव्हतं. नवरा कलकत्त्याजवळ बजबज गावी तेलाच्या डेपोत पहारेकरी होता, तोही नाही. तो गेल्यावर मी कलकत्त्यातल्या मराठी साहेबांच्या घरी स्वयंपाक धरला. साहेबांची तीन वर्षांनी बदली व्हायची. जाणारी मॅडम येणारीला घर दाखवायची. हा गीझर, हा गॅस, ह्या मावशी, पुरणपोळी छान करतात. अशी मी हातोहात अकरा घरं फिरले.

त्या संध्याकाळी घरी गेले. सून बंगाली, गरीब स्वभावाची. कांदा चिरत बसली होती. मी दारातूनच म्हणाले, "ओठो." ती उठली. "बोशो." बसली. परत उठवली.

गोड लागलं. जिभेवर साखर ठेवल्यासारखं.

"की होलो, मा?" काय झालं, असं तिनं विचारलं. मी पाय धुतले, पाणी प्यायले, आत आले. ती तशीच उभी. भिंतीला चिकटून, हातात अर्धा कांदा. मी बस म्हणायची वाट बघत होती.

तेव्हा मला राग आला. मॅडमचा आला, माझा त्याहून जास्त आला.

रविवारी मॅडमच्या सासूबाईंचा पुण्याहून फोन आला, तोंड दिसतं तसला. पोरीला पैकीच्या पैकी मार्क पडले होते. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात पळत आली. "आजी, देखो, मी रूल करते. मावशी, उठो!"

मी खाली बसून कणीक मळत होते. मळत राहिले.

"मावशी, उठो ना!"

मॅडम मागून आल्या. "एकदाच उठा हो मावशी. सासूबाई बघतायत."

"नाही उठणार."

"अहो, गंमत आहे."

"मग तुम्ही बसा खाली. मी सांगते, तुम्ही उठा."

फोनमधली म्हातारी खुदकन हसली. मॅडमनी पोरीच्या हातातून फोन ओढून घेतला आणि बंद केला. तोंड लाल. म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात आमची बदली आहे. नव्या मॅडमना तुमचं नाव सांगणार होते मी. आता काय सांगू?"

ह्या शहरात माझी सगळी ओळख म्हणजे एका मॅडमनं दुसरीला सांगितलेलं नाव. तरी म्हणाले, "नका सांगू. मी तुमच्या सामानात नाही."

पोळ्या लाटून, झाकून ठेवून निघाले.

नाव सांगितलं नाहीच त्यांनी. आता मी स्वतः दारं वाजवते. आधीच सांगते, की काय रांधायचं ते तुम्ही सांगा, माझी उठबस माझी मी बघीन. तीन घरांनी दार लावून घेतलं. एकानं ठेवलं. हेवा अजून आहे. खुर्चीत बसून शिकणारी पोर दिसली की आत जळतं, मरेपर्यंत जळेल. पण त्या जळण्यापायी सुनेवर जीभ चालवणार नाही. आणि कुणाच्या सांगण्यावरून मी उदाहरण होणार नाही, लहान पोरीच्याही नाही.

हे सगळं ज्या बाईच्या अंगावरून गेलं ती मी. वय बहात्तर. विधवा. स्वयंपाकाची कामं करते.