अर्धलीची शाळा

कडब्याच्या गंजीतून एक पेंडी ओढायला जावं, तर वरच्या चार अंगावर येतात. आमच्या शाळेतल्या किश्शांचं तसंच आहे. मी एक सुरू केला की माझा नवरा आधी आत जाऊन गॅस बंद करून येतो. भाजी करपणार, हे त्याला आता अनुभवानं कळलंय.

तर आमची शाळा सोलापूरकडच्या मंद्रूपच्या पलीकडे, माळावर. निवासी आहे. मुलं ऊसतोडीला जाणाऱ्यांची. दसरा झाला की टोळ्या निघतात, कुणी श्रीपूरकडे, कुणी आणखी लांब, आणि उन्हाळा लागेपर्यंत घरांना कुलपं. पोरगं एकदा आई-बापाबरोबर उसाच्या फडावर गेलं की बहुतेक वेळा पुन्हा बाकावर येऊन बसत नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि दर वेळी तितकाच राग आलाय. म्हणून वसतिगृह, आणि वसतिगृह म्हणजे शेवटी चूल.

ती चूल शहरातली एक संस्था पेटती ठेवायची. एका वर्षी त्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं, आता तुम्ही आपल्या पायावर उभं राहायला हवं. बोलणं अगदी गोड. वर चहा पाजला.

बाहेर पडल्यावर आमचे मुख्याध्यापक बिराजदार सर चपला घालायला वाकले. मग म्हणाले, "मॅडम, चूल विझली तर शाळेत नुसती घंटा उरंल."

* * *

शाळेला जमीन होती, पण मुरमाड. कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. सरांनी ठरवलं, मेंढ्या बसवायच्या. म्हणजे धनगराचा कळप रात्री रानात मुक्कामाला ठेवायचा, लेंड्या-मुतानं जमीन सुधारते. त्याच्या बदल्यात धनगराला धान्य द्यायचं, असा आमच्याकडचा रिवाज.

म्हाळप्पा नावाचे एक म्हातारे धनगर कळप घेऊन आले. रान बघितलं, माती चिमटीत घेतली आणि विचारलं, "धान्य किती देनार?"

सर म्हणाले, "धान्यच नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

"मग हाय काय तुमच्याकडं?"

"शाळा आहे."

म्हाळप्पांनी फरशीवर बसलेल्या पहिलीच्या पोरांकडं बघितलं. म्हणाले, "मंग माजं नाव काडायला शिकवा. मेंढरं जितक्या राती हितं, तितक्या राती माजी शाळा."

झालं. रोज दिवेलागणीला हा बाबा घोंगडं सावरत पहिलीच्या वर्गात, आणि पोरं त्याला शिकवायला. 'म्हा' म्हाळप्पांच्या हातून काही केल्या निघेना. मी सरांना म्हटलं, सोपं तरी करा, नुसतं 'आप्पा' शिकवा. सर म्हणाले, "नको. 'म्हा' जितका उशिरा येईल तितकं रान सुधारंल."

त्या वर्षी त्या रानात पहिल्यांदा ज्वारी उभी राहिली.

* * *

आमच्या स्वयंपाकघरात मल्लव्वा. अक्कलकोटकडची, निम्मं कन्नड, निम्मं मराठी, आणि रागावली की सगळंच कन्नड. तिची कडक भाकरी म्हणजे पापडासारखी. आम्ही म्हटलं, ही सोलापुरात विकू, जोडीला शेंगाचटणी. मोठ्या मुलांना घेऊन रविवारभर भाकऱ्या थापल्या, खोक्यांत भरल्या आणि एसटीच्या मागच्या सीटवर ठेवल्या. मागच्या सीटवर ठेवायची अक्कल माझी.

दुकानदारानं खोकं उघडलं. एक भाकरी अखंड नव्हती.

मला रडू यायचं बाकी होतं. सर मात्र नेहमीच्या खोडीनं म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पैसे नकोत, अशाच ठेवून घ्या." सरांचं हे 'ऱ्हाऊ द्या' आमच्या शाळेला फार महागात पडत आलंय. कुणी वांगी घेतली, ऱ्हाऊ द्या. कुणाच्या बैलानं कडबा खाल्ला, ऱ्हाऊ द्या. मी तर म्हणते, या माणसाला दारात बसवलं तर दारसुद्धा देऊन टाकेल.

पण आठवड्यानं दुकानदाराचा फोन आला. गिऱ्हाइकं तेच तुकडे मागत होती. तसंही आमटीत चुरूनच खायची असते ना! तेव्हापासून भाकरी आम्ही शाळेतच मोडतो आणि पिशवीत भरतो. मल्लव्वा मात्र त्या वेळी उठून बाहेर जाते. "थापायची म्या," म्हणते, "पन मोडताना मला बोलवू नका."

* * *

थंडीत हुरड्याला शहरातली माणसं यायला लागली. शेकोटी, कोवळी ज्वारी, गूळ, दही, चटणी. मुलं आगटीजवळ बसून कणसं भाजायची, चोळून द्यायची. एकदा एका बाईंनी चौथीतल्या पोराला मायेनं विचारलं, "मोठेपणी कोण होणार रे तू?"

आम्ही कान टवकारले. डॉक्टर, पोलीस, कलेक्टर, सगळं पाठ करून घेतलेलं होतं.

पोरानं त्यांच्या ताटलीकडं बघितलं आणि म्हणाला, "पाव्हना."

सगळे हसले. मीही हसले. नंतर भांडी घासून होईपर्यंत ते उत्तर माझ्या डोक्यातून गेलं नाही.

* * *

आता शेळ्यांचं. हे नीट ऐका, पुढं लागणार आहे.

आमच्याकडं शेळी अर्धलीनं द्यायची पद्धत आहे. शेळी एकाची, सांभाळणारा दुसरा. करडं झाली की निम्मी निम्मी. एकच करडू झालं तर वाटणी थांबते. ते करडू वाढवायचं, ते व्यालं की त्याच्या पिल्लांत वाटणी. आणि शेळी मेली तर सांभाळणाऱ्यानं कातडं दाखवायचं. कातडं दाखवलं की बोलणं मिटलं. कातडं नसेल तर लोक म्हणणार, विकून खाल्ली.

टोळीवर जाणाऱ्यांची अडचण हीच, की शेळ्या कुठं ठेवायच्या? सरांनी गावोगाव निरोप धाडला, शाळेकडं द्या, अर्धलीनं. शाळेचीही करडं वाढतील.

पहिल्या दिवशी हणमंत आला. शेळ्यांत वाढलेला, उसात खपलेला माणूस. मुलीला शाळेत ठेव म्हणून मी त्याच्या घरी तीनदा जाऊन हात हलवत परत आले होते. पोरीनं फडावर धाकट्या भावाला सांभाळायचं, असं त्याच्या घरात ठरलेलं होतं. हा हातात दावं धरून ऑफिसात उभा. मागं चंद्री नावाची शेळी. तिच्या मागं मुलगी रेणुका, आठवीतली, कपड्यांची पिशवी घेऊन.

सरांनी प्रवेशाचं रजिस्टर उघडलं. "मुलीचं पूर्ण नाव?"

"आदी शेळीचं घ्या," हणमंत म्हणाला. "चंद्री. आनि ही पोरगी तिच्यासंगं. घरचं कुनीतरी पायजे की जनावराजवळ."

त्या आठवड्यात अशाच अकरा मुली आल्या, शेळ्यांबरोबर. जे आई-बाप शिक्षणासाठी पोरगी ठेवायला तयार नव्हते, ते शेळीसाठी तयार झाले. माझी इतक्या वर्षांची भाषणं एका बाजूला आणि एक शेळी एका बाजूला. मी तेव्हापासून भाषणं बंद केली.

* * *

त्याच थंडीत आमच्याकडं महिनाभर मुक्कामाला पाहुण्या आल्या त्या ग्रेस मॅडम. आफ्रिकेतल्या मलावीतून, तिथल्या एका खेड्यातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या शाळेचीही परदेशी मदत बंद होणार होती, म्हणून शाळा आपलं आपण कसं भागवते ते बघायला आल्या. आम्ही हलगी लावली, शाल-नारळ दिला. त्यांनी नारळ मल्लव्वाकडं दिला आणि शेळ्यांचं शेड कुठंय ते विचारलं.

मल्लव्वाची आणि त्यांची भाषा एक नाही, पण दोघी दिवसभर चुलीपुढं. मक्याच्या पिठाचा घट्ट पांढरा गोळा त्यांनी शिजवून दाखवला. मल्लव्वानं चटणीबरोबर खाल्ला आणि निकाल दिला, "ग्रेसक्काच्या हाताला चव हाय. पन मीठ घालायला हिला कुनी शिकवलं न्हाय."

अर्धलीची सगळी रीत मी त्यांना इंग्रजीत समजावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेळी मेली तर हिशोब मिटतो. मग मुलीचं काय? बाप तिला घेऊन जाणार?"

मी ते मराठीत सांगितलं. इतके दिवस हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता, आणि पाहुण्या बाईंना दुसऱ्या दिवशी सुचला.

* * *

संक्रांतीच्या सुमाराला शेळ्यांत रोग शिरला. जनावरांचे डॉक्टर आले, लस टोचली, आजारी वेगळ्या बांधल्या, तरी चार गेल्या. त्यात चंद्री. तिला नुकतंच एक करडू झालेलं. रेणुका रात्रंदिवस त्याला बाटलीनं दूध पाजत बसायची, आणि ग्रेस मॅडम तिच्या शेजारी.

सरांनी हणमंतला फोन केला. तिसऱ्या दिवशी तो फडावरून आला, अंगावर उसाच्या पानांची खाजरी कूस तशीच. त्याला बघून रेणुका आत गेली आणि पिशवी भरायला लागली. कुणी तिला भर म्हटलं नव्हतं. मला ते बघवेना.

हणमंतनं अंगणात येऊन एकच विचारलं, "कातडं?"

सरांची मान खाली गेली. "डॉक्टर म्हणाले, रोग पसरंल, अख्खी पुरा. तशीच पुरली. दाखवायला काही नाही."

मल्लव्वानं पदर तोंडाला लावला. कातडं नाही म्हणजे काय, हे तिथं सगळ्यांना कळत होतं.

आणि मग सरांनी तेच केलं जे ते जन्मभर करत आले. करडू उचलून आणलं, हणमंतच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आमचा वाटा ऱ्हाऊ द्या. हे सगळं तुमचंच. घेऊन जावा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. करडू गेलं तर पोरीला इथं ठेवायचं निमित्तच गेलं! उभ्या जन्मात एकदा तरी या माणसानं आपला वाटा धरून ठेवायला नको होता का? रेणुका पिशवी घेऊन दारात येऊन उभी होती.

हणमंतनं करडू दोन्ही हातांत धरलं. वर केलं, पोटाखालून बघितलं, पायांची हाडं चाचपली, दात बघितले. शेळ्यांत वाढलेला माणूस, सगळं बघून घेतलं. मग लेकीकडं बघितलं. तिच्या हातातल्या पिशवीकडं बघितलं. बराच वेळ.

"न्हाय सर," तो म्हणाला. "अर्धल म्हंजी अर्धल. एकच करडू हाय, त्याची वाटनी कशी हुनार? ह्ये वाडू द्या, याला पिल्लं हुंद्या. ह्ये व्यालं की वाटनी करू. तवर पोरगी हितंच. जनावराजवळ घरचं कुनीतरी पायजे की."

करडू त्यानं खाली सोडलं, सरांना नमस्कार केला आणि फाटकाकडं चालायला लागला. चहाला थांबला नाही.

ग्रेस मॅडमनी माझा दंड धरला. "काय म्हणाला? घेऊन जातोय का तिला?"

मी त्यांना शब्दाला शब्द सांगितलं. त्यांच्या घरीही शेळ्या असायच्या. त्यांनी वाकून करडू उचललं, उलटं करून बघितलं आणि माझ्याकडं वळल्या.

"पण हा तर बोकड आहे," त्या म्हणाल्या.

हणमंत तोवर फाटकाबाहेर पडला होता. रेणुकानं पिशवी खाली ठेवली, त्यांच्या हातातून करडू घेतलं आणि शेडात नेऊन बांधलं.