सावंतकाकांचे कान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही.

सत्त्याण्णव साली मी शारजात पियानो दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये होतो. काम शिकवलं सावंतकाकांनी. वेंगुर्ल्याचे, साठीला टेकलेले. जीभ तिखट. गिऱ्हाइकांसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "इसका कान लकडी का है." लोक हसायचे. मीही हसायचो.

एकदा समुद्रकाठच्या खोर फक्कानहून जुना पियानो आला. खाऱ्या हवेने खर्जाच्या तारांवरची तांब्याची गुंडाळी हिरवी पडलेली, आवाज बसलेला. काकांनी एकेक तार उतरवून झटकली, पुसली, परत चढवली. आवाज खुलला. एका तारेवर मात्र ते अडले. "गुंडाळी सैल आहे रे. घरघरतेय. ऐकू येतंय ना?"

आमचा मालक, अरबाब, तिथेच उभा होता. त्याला काहीच कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मला ऐकू येत होतं. बाटलीत माशी अडकावी तसं — स्पष्ट.

"साफ है, अरबाब," मी म्हणालो.

काकांनी पट्टी पुन्हा दाबली. पुन्हा. मी डोळे मिटून नीट ऐकल्याचं सोंग केलं — एवढं कशाला? नुसतं 'नाही' पुरलं नसतं? — आणि मायेने म्हणालो, "काका, एकदा कान तपासून घ्या."

त्यांचा चेहरा उतरला. तो मी पाहत राहिलो. घाबरून बोललो नव्हतो, नोकरीसाठीही नाही. मला मजा आली — हेच तर सांगायचंय.

ते जेवायला गेल्यावर मी ती तार उतरवली, गुंडाळीच्या दिशेने एक पीळ दिला, परत चढवली. घरघर गेली. काका आले, पट्टी दाबली. पुन्हा दाबली.

"साफच आहे रे," ते म्हणाले. "मलाच भास झाला."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं, नाही? मी त्यांच्यासाठी चहा आणला.

त्यानंतर ते प्रत्येक तार मला विचारून लावू लागले. मी कधी खरं सांगायचो, कधी खोटं — मनाला येईल तसं. वर्षाच्या आत अरबाबने त्यांचा व्हिसा कॅन्सल केला. खलास.

दोनेक वर्षांनी वेंगुर्ल्याहून त्यांचा फोन आला. देवळात पेटी वाजवायचे, ती सोडली म्हणाले. "सुरांचा भरवसा नाही रे आता. तू तोंडावर सांगितलंस, ते बरं केलंस. दुसऱ्या कोणी सांगितलं नसतं."

"काळजी घ्या, काका," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.