वीज गेली तरी न थांबणारं समुद्रपूरचं शिवणघर

"विदर्भात बंद काचा आणि एसी, दुसरा उपाय नाही," असं म्हणत आमच्या पुण्याच्या आर्किटेक्ट ऑफिसातल्या सरांनी माझ्या नकाशावरचे झरोके लाल पेनाने खोडले. काम होतं वर्ध्याजवळच्या मुलींच्या वसतिगृहाचं. जिथे दिवसातले कित्येक तास वीजच नसते, तिथे एसी! मी रजा टाकली आणि भर मे महिन्यात निघाले. साल २००७.

नागपूरहून हैदराबाद रस्त्याची एसटी घ्या, जाम फाट्यावर उतरा. तर्री-पोहे खा, पाणी भरून घ्या, डोक्याला दुपट्टा गुंडाळा. समुद्रपूरची बस तिथूनच मिळते. बसायला जागा मिळेलच असं नाही.

वीज नसतानाही चालणाऱ्या वंदनाताईंच्या शिवणघराचा पत्ता मैत्रिणीने दिला होता. सहा बाया, सहा पायमशिनी. मी पोचले आणि दहा मिनिटांत वीज गेली. एकही मशीन थांबलं नाही. उत्तरेच्या भिंतीत छताजवळ लांबट खिडक्या, त्यांतून मऊ उजेड थेट कापडावर. पश्चिमेला खाली विटांची जाळी, तिच्यावर वाळ्याची ओली ताटी. तिच्यातून वारा गार होऊन आत यायचा आणि तापलेली हवा वरच्या झरोक्यांतून निघून जायची. थंडगार नव्हतं, पण अंगावरचा घाम सुकत होता.

"मिस्त्री हसे मले," वंदनाताई कात्री चालवतच म्हणाल्या. "मी कापड आणाले हिंगणघाटले गेलती, तं त्यानं वरचे झरोके बुजवून टाकले. म्हणे, चिमण्या येतीन."

"मग?"

"मग काय, घन उचलला अन् सारे फोडले. तो म्हणे, भित पडन. म्या म्हटलं, पडू दे. उबून मरनार नाई मी."

निघताना त्यांनी भिंतीची मापं घेऊ दिली. "पुन्हा येजो," एवढंच म्हणाल्या.

सोमवारी सरांसमोर नवा नकाशा ठेवला. झरोके दोन जास्तच होते.

"हे काढ, नाहीतर काम दुसऱ्याला देईन."

"द्या. बंद नकाशावर माझी सही मिळणार नाही."

काम दुसऱ्या टेबलावर गेलं. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. त्या खोल्यांत राहायला येणाऱ्या मुलींना मी ओळखत नव्हते, पण तिथला मे महिना आता ओळखत होते. म्हणून माझा नकाशा मी थेट वसतिगृहाच्या संस्थेला पाठवला आणि सोबत लिहिलं: भर दुपारी, वीज नसताना एकदा समुद्रपूरला जाऊन या, मग ठरवा. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, म्हटलं.